पाखाडीच्या बारशाचा दिवस

सकाळी 7. मारुती मंदिर, रत्नागिरी. वीज आहे तोवर काम उरकायचं. आज आमचं मुक्त स्रोत वेब-साधन जाहीर करायचंय. एखादं फंक्शन कुठे लिहिलंय आणि कुठे कुठे वापरलंय, हे ब्राउझरमध्ये क्लिक करत बघता यावं, एवढंच त्याचं काम. नाव मात्र अजून ठरलेलं नाही.

9. 'झरोका' आवडलं होतं. शोधलं तर हॉटेलं नि कपड्यांची दुकानं; शिवाय रोमन लिपीत स्पेलिंगं तीन. बाद. लिनक्सचा कोड चाळायचं 'एलिक्सिर' हे साधन प्रसिद्ध आहे, पण त्याच नावाची प्रोग्रॅमिंग भाषाही आहे. शोधणारा भलतीकडेच पोचतो. ते बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीला तर 'फ्री' या दूरसंचार कंपनीशी वाद झाल्यावर 2018 मध्ये 'फ्री इलेक्ट्रॉन्स' हे नाव सोडून 'बूटलिन' व्हावं लागलं.

11. 'पाखाडी'. वाडीतून वाडीत नेणारी जांभ्या दगडाची पायवाट. टाइप करायला सोपं. पॅकेजच्या नोंदी, डोमेन, ट्रेडमार्क, तिन्हीकडे मोकळं दिसलं. ठरलं.

1. बांगड्याचं तिखलं, भात. वीज गेली.

3. परवाना. अपाची 2.0 घेतला. कोड कोणीही न्यावा, बदलावा. पण नावाचा हक्क त्यात मिळत नाही, तसं कलमच आहे. हापूसचं कलमही कुठेही लावता येतं, नाव मात्र 2018 च्या भौगोलिक मानांकनाने कोकणातल्या पाच जिल्ह्यांचं. नावाच्या हक्कावरूनच डेबियन या लिनक्स वितरणाने 2006 पासून दहा वर्षं फायरफॉक्स 'आइसवीझल' म्हणून दिला.

5. अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली. पान उघडलं, कर्सर रिकाम्या चौकटीत लुकलुकतोय. "सर, इथे टाइप काय करायचं?" चौकटीखाली लगेच नमुना टाकला: लिनक्समधलं 'शेड्यूल' शोधून बघा. माहितीपत्रातलं पाल्हाळ काढलं. पहिल्या ओळीत काम, दुसरीत चालू नमुन्याचा दुवा, मग चित्र.

रात्री 8. घोषणा. आत्ता युरोपात दुपार, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळ. लोक कामावर असतात. 'क्रांतिकारी' वगैरे शब्द नाहीत. आधीच्या साधनांची नावं घेऊन आपलं कुठे वेगळं, कुठे कमी, ते लिहिलं.

10. पहिली तक्रार आली: मोठ्या फाइलला पान अडकतं. लगेच पोच दिली.

तुमचंही साधन तयार असेल तर आधी नाव तिन्हीकडे शोधा, मग एका अनोळखी माणसाला ते वापरायला द्या आणि शेजारी गप्प बसा. घोषणा त्यानंतर.