ठाणे खाडी : शहराने सोडलेले, पक्ष्यांनी उचललेले

ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या पुलावरून खाली पाहिले तर पाणी मधल्या एका पट्ट्यात आकसलेले असते. दोन्ही काठांना तिवरांची दाट हिरवी रांग आणि तिच्यापुढे उघडा पडलेला राखाडी चिखल. डिसेंबर ते मे या महिन्यांत याच चिखलावर गुलाबी पट्टे दिसतात. ते पट्टे हलतात, तुटतात, पुन्हा जुळतात. दुर्बीण लावली की कळते, ते हजारो फ्लेमिंगो आहेत आणि जवळजवळ सगळे मान खाली घालून खात आहेत.

मुंबई आणि नवी मुंबई यांच्या मधली ही खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. उत्तरेला ठाण्याजवळ ती एका अरुंद फाट्याने उल्हास नदीच्या खाडीला जोडलेली आहे, दक्षिणेला रुंद होत मुंबई बंदराच्या पाण्यात मिसळते. पावसाळा सोडला तर वरून गोडे पाणी फारसे येत नाही. जे काही हलते ते भरती-ओहोटीने. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी जेमतेम हलते. वरच्या अरुंद भागात पाणी अडखळते, तिथे आलेला गाळ आणि घाण लवकर बाहेर पडत नाही. खाडीचे बरेचसे गुणदोष या एका गोष्टीतून आले आहेत.

६ ऑगस्ट २०१५ रोजी राज्य सरकारने येथील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केले. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचे हे महाराष्ट्राचे तिसरे रामसर स्थळ. पाणथळ जागांच्या या आंतरराष्ट्रीय यादीत एवढ्या मोठ्या महानगराच्या ऐन मध्यावर असलेल्या जागा थोड्याच आहेत. मात्र फ्लेमिंगो इथले अनादिकालापासूनचे रहिवासी नाहीत. मोठ्या संख्येने ते १९९० च्या दशकात दिसू लागले, प्रथम शिवडीच्या चिखलात आणि मग वर-वर. पुढे त्यांची संख्या लाखाच्या पलीकडे गेली. ज्या दशकांत दोन्ही काठांची शहरे वाढली आणि खाडीत येणारे सांडपाणीही वाढले, त्याच दशकांत हे पक्षी वाढले. हा योगायोग नव्हे, असे या खाडीचा अभ्यास करणाऱ्यांचे म्हणणे आहे, आणि मलाही ते पटते.

इथे येणाऱ्यांत बहुसंख्य आहेत ते छोटे रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो. त्यांची चोच हे एक यंत्रच आहे. मान वाकवून चोच उलटी पाण्यात धरायची, जाडजूड जीभ मागेपुढे करत पाणी आत ओढायचे आणि बाहेर ढकलायचे. चोचीच्या आतल्या बारीक पट्ट्यांच्या जाळीत नीलहरित शैवाल आणि डायटम अडकतात, पाणी बाहेर जाते. डोळ्यांना वेगळे दिसणारही नाहीत इतके हे जीव सूक्ष्म असतात. ओल्या चिखलावर ऊन पडले की जो तपकिरी-हिरवट तकाकता थर दिसतो, तो त्यांचाच. पिसांचा गुलाबी रंगही तिथलाच. शैवालातली कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये पक्ष्याच्या शरीरातून पिसांत उतरतात.

एक छोटा रोहित दिवसाला साधारण ६० ग्रॅम, कोरड्या वजनाने, एवढे अन्न खातो. एक लाख पक्षी धरले तर रोज सहा टन. ओले वजन याच्या कितीतरी पट होईल. एवढे अन्न या चिखलात रोज तयार होते कसे, हा या जागेविषयीचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते, कारण ऊर्जा आणि पोषणद्रव्ये या दोन्हींचे प्रवास वेगळे आहेत.

ऊर्जा येते उन्हातून. शैवाल किंवा तिवराचे पान त्यातला अगदी थोडा, ढोबळमानाने एक टक्क्याच्या आसपासचा, हिस्सा पकडते. ते खाणाऱ्याला त्यातलेही थोडेच मिळते. बाकीचे श्वासात, हालचालीत, शरीर चालवण्यात उष्णता होऊन निघून जाते आणि ती उष्णता परत कुणाच्या कामी येत नाही. ही वजाबाकी मोजायची कशी, हे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका लहानशा तळ्याचा अभ्यास करून रेमंड लिंडमन या तरुणाने दाखवले. त्याचा निबंध १९४२ मध्ये छापून आला तेव्हा तो हयात नव्हता, सत्ताविसाव्या वर्षीच गेला होता. प्रत्येक पायरीवर सुमारे दहावा हिस्साच पुढे जातो, हा आज शाळेत शिकवला जाणारा ढोबळ नियम त्या मांडणीतून पुढे आला.

तो खाडीला लावून पाहा. छोटा रोहित थेट शैवाल खातो, म्हणजे ऊन आणि पक्षी यांच्यात एकच जीव. तोच पक्षी शैवालावर जगणारी कोळंबी खात असता, तर तेवढ्याच पक्ष्यांना जगवायला रोज सहाऐवजी साठ टनांच्या आसपास शैवाल लागले असते. साखळीत आणखी एक मासा घातला तर सहाशे. लाखभर मोठे पक्षी एका शहरी खाडीत पोट भरू शकतात, ते साखळी इतकी आखूड आहे म्हणून. खाडीतले मोठे रोहित चिखलातले किडे आणि लहान कवचधारी जीव टिपतात, म्हणजे पायरीभर वर बसतात. त्यांची संख्या इथे कितीतरी कमी असते. तेवढे एकच कारण त्यामागे नसेल, पण हिशेब त्याच दिशेने जातो.

पोषणद्रव्यांचे तसे नाही. नायट्रोजन आणि फॉस्फरस संपत नाहीत, फिरत राहतात. खाडीच्या शेजारीच, चेंबूर-ट्रॉम्बे भागात, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना आहे. हवेतला नायट्रोजन पकडून त्याचे खत करणे हे तिथले काम. ते खत गोणीत भरून शेतावर जाते, त्याचे दाणे होतात, दाण्यांची पोळी आणि डाळ होऊन त्यातला काही भाग मुंबईच्या ताटात येतो. ताटातून शरीरात, शरीरातून गटारात. घाटकोपर-भांडुप बाजूचे सांडपाणी खाडीला येते, नवी मुंबईच्या काठाचे नालेही येतात. जो नायट्रोजन शेतात पिकाने घेतला असता, तो इथे शैवाल घेते. फॉस्फरसची वाट आणखी लांबची. तो खाणीतल्या खडकातून निघालेला असतो.

चिखलात वरचे दोन-चार मिलिमीटर सोडले तर खाली प्राणवायू जवळजवळ नसतो. तरीही तिथे जीवाणूंची गर्दी असते. काही जीवाणू सल्फेटवर जगतात आणि कुजक्या अंड्याचा वास असलेला वायू सोडतात. वाशीच्या पुलावर लोकलच्या दारात नाकाला रुमाल लागतो, त्यात या वायूचाही वाटा असतो. दुसरे काही नायट्रेटवर जगतात आणि नायट्रोजन पुन्हा वायुरूपात हवेला परत करतात. कारखान्याने प्रचंड ऊर्जा खर्चून जे केले, ते हे जीवाणू उलटे फिरवतात, तेही एक पैसा न घेता. मुंबईचे केवढे तरी सांडपाणी या काळ्या चिखलाने निमूटपणे सोसले आहे. त्याला नुसती दलदल म्हणून भराव घालायला निघणे मला अक्षम्य वाटते. फॉस्फरसला मात्र हवेत जाण्याची सोय नाही. तो गाळाला चिकटून बसतो आणि ढवळले की पुन्हा वर येतो.

शैवालाशेजारी दुसरी, सावकाश चालणारी वाट आहे ती तिवरांची. तिवराचे हिरवे पान खाणारे थोडे. पान पिकून गळते, मग खेकडे ते बिळात ओढतात, बुरशी आणि जीवाणू त्यावर चढतात. कुजत जाताना पानातले नायट्रोजनचे प्रमाण वाढते, कारण त्यावर वसलेले सूक्ष्मजीव पाण्यातला नायट्रोजन गोळा करत असतात. म्हणून कुजलेला चुरा ताज्या पानापेक्षा सकस. त्यावर कोळंबी, बोय, निवटी, चिंबोऱ्या पोसल्या जातात. निवटी नि चिंबोरी बगळ्याच्या पोटात जातात, मासे ब्राह्मणी घारीच्या आणि कोळ्याच्या जाळ्यात. कांदळवनातला कोल्हाही खेकड्यांवर ताव मारतो. विटावा, दिवा, घणसोली, वाशी, ट्रॉम्बे या कोळीवाड्यांची चूल पिढ्यान्‌पिढ्या या वाटेवर पेटली.

आणि इथेच खाडीचे दुखणे आहे. गुलाबी रंग हा सुबत्तेचा पुरावा आहे, स्वच्छतेचा नाही. पोषणद्रव्यांच्या जोडीला सांडपाण्यात सेंद्रिय घाणही येते. ती कुजवताना जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. शैवालाला आणि फ्लेमिंगोला त्याने फारसे अडत नाही, माशाला मात्र श्वास घेता येत नाही. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातून वर्षानुवर्षे आलेले जड धातू गाळात आहेतच, आणि ते ऊर्जेसारखे पायरीपायरीने घटत नाहीत. काही तर वर चढताना साठत जातात. ज्या खाडीत पक्षी वाढले, त्याच खाडीत मासळी घटली. फ्लेमिंगोचे फोटो छापताना ही दुसरी बाजू बहुधा सुटते. खाडीच्या वरच्या भागात पाग टाकून पोट भरणे आज कठीण आहे.

चिखलही सुरक्षित नाही. गाळ साठून खाडी उथळ होते आहे. उंचावलेल्या चिखलावर तिवरांची रोपे रुजतात, मुळांपाशी आणखी गाळ अडतो आणि कांदळवन पुढे सरकते. कांदळवन वाढले ही बातमी चांगली वाटते, पण फ्लेमिंगो झाडात चरत नाही, त्याला उघडा चिखल लागतो. भरतीला तो चिखल बुडाला की पक्षी नेरूळची तळी आणि भांडुपच्या पाणथळ जागांकडे उडून जातात. म्हणजे चरायची जागा एक, विश्रांतीची दुसरी. अभयारण्याची हद्द मात्र पहिल्याच जागेभोवती आहे. काठावरची तळी बुजली किंवा त्यांत भरतीचे पाणी येणे थांबले तर अभयारण्य कागदावर तसेच राहील आणि पक्षी थकतील.

पाहायला जायचे तर जानेवारी ते एप्रिल हा काळ उत्तम. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोट निघते. बोटीला पाणी हवे आणि पक्ष्यांना चिखल, त्यामुळे वेळ भरतीच्या गणितावर ठरते. आधी चौकशी करूनच निघावे. भांडुप उदंचन केंद्राजवळच्या वाटेवर पायी फिरता येते, नेरूळच्या तळ्यांकाठी भर भरतीला पक्षी जवळून दिसतात. मे सरता सरता ते निघतात. उपग्रह टॅग लावलेले इथले पक्षी गुजरातच्या किनाऱ्यावर पोहोचल्याची नोंद आहे. अंगावर चढवलेली चरबी म्हणजे खाडीवर पडलेल्या उन्हाचाच एक अंश, तो ते बरोबर नेतात.

मुंबई महापालिका आता घाटकोपर आणि भांडुपसह सात ठिकाणी सांडपाणी शुद्धीकरणाची नवी केंद्रे उभारते आहे. ती चालू झाली की खाडीत येणारी घाण आणि पोषणद्रव्ये दोन्ही घटतील. शैवाल कमी होईल, फ्लेमिंगोही कदाचित कमी होतील, अशी चिंता पक्षिप्रेमींत व्यक्त होते. चिंता खोटी नाही. तरीही पाणी शुद्ध व्हायलाच हवे, कारण प्राणवायू परतला तर मासळी परतण्याची आशा आहे आणि खाडीवरचा पहिला हक्क कोळीवाड्यांचा आहे. गरज आहे ती मोजत राहण्याची. पक्ष्यांची गणना होते, तशीच विटाव्यापासून ट्रॉम्बेपर्यंत दर हंगामातल्या मासळीची, पाण्यातल्या प्राणवायूची आणि उघड्या चिखलाच्या क्षेत्राची नोंद व्हावी, आणि केंद्रे सुरू होण्याआधीची नोंद आत्ताच घेतली जावी. एकदा ती सुरू झाली की आधीची स्थिती मोजता येणार नाही.