घरच्या हवामान केंद्राची नोंद आपल्या दप्तरी

नेसरीहून पश्चिमेस आजऱ्याच्या बाजूने जावे तसतसा पाऊस वाढत जातो आणि पूर्वेकडे नूल-हलकर्णीच्या बाजूस वळावे तसतसा तो कमी होत जातो, हे या भागातील शेतकऱ्यांस सांगावयास नको. सह्याद्रीचा माथा ओलांडणारे ढग आंबोलीच्या परिसरात मोठा वर्षाव करतात व त्यापुढील थोड्याच कोसांत पावसाचे मान झपाट्याने उतरते. नेसरी या उतरणीवर वसलेली आहे. एका शिवारात भातखाचरे तुडुंब भरावीत आणि जवळच्याच दुसऱ्या शिवारात भुईमूग पाण्याची वाट पाहत राहावा, असा प्रकार येथे नवलाचा नाही.

राज्यात महावेध प्रकल्पाखाली २,००० हून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. नेसरी हेही गडहिंग्लज तालुक्यातील एक महसूल मंडळच आहे. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी धरण्याचा प्रघात आहे. परंतु केंद्र एका ठिकाणी आणि गावे अनेक, अशी ही स्थिती. प्रत्येक ग्रामपंचायतीत स्वयंचलित पर्जन्यमापक असावा, या हेतूने केंद्र शासनाने २०२३ मध्ये योजना पुढे आणली, तिचे कारणही हेच. घरच्या यंत्राची नोंद सरकारी नोंदीची जागा घेऊ शकत नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. तथापि खताचा हप्ता केव्हा द्यावा, फवारणी केव्हा टाळावी, उसाची पाण्याची पाळी पुढे ढकलावी की काय, हे ठरविताना आपल्या बांधावरील पाऊसच उपयोगी पडतो.

घरगुती हवामान केंद्राचे दोन भाग असतात. बाहेरील भाग पाऊस, वारा, तापमान व आर्द्रता मोजून बिनतारी लहरींनी घरातील भागाकडे आकडे धाडतो. घरातील भाग ते वायफायवरून पुढे पाठवितो. सामान्यतः हे आकडे यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या किंवा परदेशी संकेतस्थळाच्या सर्व्हरवर जातात. सोय आहे खरी. पण दप्तर दुसऱ्याच्या कपाटात राहते. वेदर अंडरग्राउंड या प्रसिद्ध संकेतस्थळाने आकडे उतरवून घेण्याची आपली विनामूल्य सेवा २०१८ च्या अखेरीस बंद केली, तेव्हा जगभरच्या अनेक हौशी निरीक्षकांची कामे अडली. म्हणून आमच्या मते पहिली प्रत स्वतःच्या सर्व्हरवर असावी, दुसरी हवी तेथे जावी.

सर्व्हर या शब्दाने दबून जाण्याचे कारण नाही. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक व त्यावर वीव्ह्यूएक्ससारखी विनामूल्य प्रणाली यांवर हे काम होते. अनेक यंत्रांत स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता व किती वेळाने आकडे पाठवावयाचे तो अवधी भरण्याची सोय असते. हा संगणक घरातच, त्याच वायफायवर ठेवला तर इंटरनेट बंद असतानाही नोंद चालू राहते. नेसरीसारख्या भागात पावसाळ्यात वीज व इंटरनेट दोन्ही खंडित होतात, आणि नेमकी तीच रात्र नोंदविण्याजोगी असते. यास्तव लहानशी बॅटरी जोडणे हा खर्च वायफळ समजू नये. बाहेरगावी राहणाऱ्या मुलाने ते आकडे पाहावेत अशी इच्छा असल्यास भाड्याच्या सर्व्हरवर प्रत पाठवावी. मात्र ही पाठवणी पुष्कळदा उघड्या पोस्टकार्डासारखी असते. बँकेचा किंवा टपालाचा परवलीचा शब्द तेथे कदापि वापरू नये.

आता सर्वांत जास्त घोटाळा कोठे होतो ते पाहू. प्रचलित पद्धतीत यंत्रे पाऊस इंचांत, तापमान फॅरनहाइटमध्ये व वेळ जागतिक मानाने पाठवितात. सर्व्हरवर २.६ हा आकडा दिसला म्हणजे किरकोळ सर नव्हे, ते २.६ इंच, म्हणजे ६६ मिलिमीटर. वेळेचेही तसेच. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा असतो आणि पाऊस त्या दुसऱ्या दिवसाच्या तारखेस मांडतात. घरचे यंत्र मात्र मध्यरात्री शून्यावर येते. रात्रभर झोडपणारा पाऊस अशा वेळी दोन तारखांत विभागला जातो आणि मग मंडळाचा आकडा खोटा की आपला, असा वाद चावडीवर रंगतो. जागतिक वेळेप्रमाणे पहाटेचे ३ वाजतात तेव्हा आपले ८.३० होतात. सर्व्हरवरील बेरीज तेथून तेथवर करावी. मग उरणारी तफावत खरी तफावत समजावी.

अर्थात यंत्र चुकीचे बसविले असेल तर उत्तम सर्व्हरही चुकाच जपून ठेवतो. पत्र्याच्या छपरावरील तापमान हे पत्र्याचेच तापमान होय. पर्जन्यमापकाची कड समपातळीत असावी व झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या दुपटीइतकी तरी दूर असावी. आत पलटणाऱ्या वाटीचे यंत्र असल्यास धुवाधार पावसात ते थोडे कमी मोजते, आणि नसराळ्यात पान किंवा कोळिष्टक अडकले तर मोजणीच थांबते. तपासणी सोपी आहे. नसराळ्याचे तोंड २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर २०० मिलिलिटर पाणी थेंबथेंब सोडल्यास सर्व्हरवर १० मिलिमीटर पाऊस दिसला पाहिजे. तोंड लहान-मोठे असेल त्या प्रमाणात पाणी घ्यावे. ही तपासणी मृग निघण्यापूर्वी एकदा व श्रावणात एकदा करावी, आणि तिची तारीख वहीत लिहावी. नाहीतर तपासणीचे पाणीच पुढे पाऊस म्हणून बेरजेत येते.