आपल्या माणसांचा माग (लेखांक 6) : बिडी बांधणाऱ्या पणजीचा शोध

गेल्या आठवड्यात बंदोबस्ताच्या मिसलीतून मालगुजाराचं आणि काश्तकाराचं घराणं कसं उलगडतं, ते पाहिलं. पण ज्यांच्या नावावर डिसमिलभरही जमीन नव्हती, त्यांचं काय? गोंदिया जिल्ह्यात अशी घरं गावोगाव आहेत. रोवणी-कापणीला दुसऱ्याच्या बांधीत मजुरी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, उरलेलं वर्ष मांडीवर सूप घेऊन बिड्या. अशा माणसांचे कागदच नसतात, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते मान्य नाही. कागद असतात, फक्त ते जमिनीच्या दप्तरात नसतात.

सुरुवात कोतवाल बुकापासून करावी. मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वही घेऊन पोलीस ठाण्यात जाई. त्याला स्वतःला बहुधा लिहिता येत नसे. तो तोंडी सांगे आणि ठाण्यातला मोहरीर लिहून घेई. म्हणून एकाच माणसाचं नाव दोन नोंदींत दोन तऱ्हांनी येतं. मुलीच्या जन्माला तर पुष्कळदा नावच नसतं : तारीख, बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं ‘मुलगी’. मृत्यूच्या कारणात ताप, हैजा, देवी, हगवण एवढे मोजके शब्द. 1918 च्या अखेरीची पानं नीट वाचा. त्या साली इन्फ्लुएंझाने मध्य प्रांताला फार झोडपलं आणि ते मृत्यू बहुतेक ‘ताप’ म्हणूनच लिहिले गेले. घरातले दोघे-तिघे आठवडाभरात तापाने गेल्याची नोंद दिसली, तर काय झालं असेल ते समजावं. नोंदीत ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा.

दुसरी जागा, पणजीच्या मुलांची शाळा. दाखल-खारीज रजिस्टरात पालकाचा धंदा लिहिलेला असला, तर ‘मजुरी’ हा एक शब्दही मोलाचा. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नका. ती अनेकदा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते.

बिडीच्या धंद्यातला माग सर्वांत अवघड. पानं भिजवायची, फर्मा ठेवून कातरीने कापायची, जर्दा भरून वळायची, धागा बांधायचा. मजुरी हजारावर, आणि छाट निघालेल्या बिड्यांचे पैसे नाहीत. काम सट्टेदारामार्फत, म्हणजे मधल्या ठेकेदारामार्फत, घरी येई, त्यामुळे कारखानदाराच्या हजेरीत पणजीचं नाव चढायचंच नाही. 1937 चा मध्य प्रांताचा अनियंत्रित कारखान्यांचा कायदा बिडी आणि लाखेच्या कारखान्यांपर्यंत पोचला, ओसरीपर्यंत नाही. घरखेपी, म्हणजे घरी बसून बिड्या वळणारी, कामगार कायद्याच्या कक्षेत आली ती 1966 च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने. पुढे 1976 च्या कल्याण निधी कायद्यामुळे ओळखपत्रं आली, 1977 पासून भविष्य निर्वाह निधी लागू झाला. पणजी तोवर हयात नसेल, पण आजी असेल. तिचं कामाचं पुस्तक, ओळखपत्र, निधीची पावती ट्रंकेत तळाशी असेल तर आधी फोटो काढून ठेवा.

कचेरीत जाताना एक ध्यानात ठेवा. गोंदिया जिल्हा झाला 1 मे 1999 ला. त्याआधीचं सगळं भंडारा जिल्हा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे भंडारा, तिरोडा आणि साकोली अशा तीनच तहसिली होत्या. अर्जुनी-मोरगावकडच्या माणसाची जुनी नोंद म्हणूनच साकोलीच्या नावाखाली शोधावी लागते.

त्याहून महत्त्वाचं, पणजीचं माहेर. तिचा जन्म सासरच्या कोतवाल बुकात मिळणार नाही, आणि माहेरचं गाव कोणत्याही कागदाआधी घरातल्या म्हाताऱ्या बायाच सांगतील. त्यांना आजच विचारा. सोबत चुलतघरी चौकशी करा, जात पडताळणीची फाइल कुणी केली होती का. अनुसूचित जातींना 1950 पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांना 1961 पूर्वीचे, इतर मागासवर्गीयांना 1967 पूर्वीचे पुरावे गोळा करावे लागतात. एखाद्या पुतण्याच्या ॲडमिशनसाठी काढलेली कोतवाल बुकाची प्रमाणित नक्कल त्या फाइलीत अजून लावलेली असू शकते.