रानातली जमीन आणि डॉक्टरचा हिशेब

आपल्या व्यवसायातील बहुतेक मंडळींच्या मनात चाळिशीच्या आसपास एक इच्छा डोकावते. दवाखाना स्थिरावलेला असतो, घराचे हप्ते संपत आलेले असतात आणि रविवारी दुपारी कुणीतरी म्हणते, "कुठेतरी रानात आपली स्वतःची थोडी जमीन हवी." मला ही इच्छा जरा निराळ्या रूपाने झाली. माझे आजोबा शिकारीचे शौकीन होते. त्यांची ठासणीची बंदूक, हाकाऱ्यांचे आवाज, पहाटेच्या दवात रानडुकराची वाट पाहत बसणे आणि पारध झाल्यावर घरोघर जाणारे वाटे हे सारे मी लहानपणी गोष्टींतून इतके ऐकले होते की, माझ्या स्वप्नातली जमीन म्हणजे काजूची टेकडी, खाली ओहोळ आणि त्या ओहोळावर पाण्याला येणारी जनावरे, अशीच असे.

त्या स्वप्नाचा शोध घेत मी २०१० मध्ये इब्रामपूरला पोहोचलो. पेडणे तालुक्याच्या पूर्व टोकाचा, हणखण्याच्या शेजारचा आणि पलीकडे दोडामार्गाच्या डोंगरांशी नाते सांगणारा हा गाव. पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले, परंतु बोली, दैवते, सोयरिकी आणि रानावरची श्वापदे यांनी ती सीमा फारशी मनावर घेतली नाही. २००२ पासून कर्नाटकातले हत्ती दोडामार्ग परिसरात येऊ लागले आणि २०२५ च्या सप्टेंबरात 'ओंकार' नावाचा तरुण हत्ती थेट पेडणे तालुक्यात उतरला. त्याला ना सातबारा ठाऊक, ना एक-चौदा.

शिकारीची जमीन मिळते का?

प्रथम स्वप्नाचाच निकाल लावतो, कारण आजही तरुण सहकारी मला डोळे मिचकावून विचारतात, "डॉक्टर, शिकारीला कधी बोलावता?" अमेरिकेत माणसे केवळ शिकारीसाठी रान विकत घेतात आणि शेतकऱ्यांना कर्ज देण्यासाठी १९१६ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या पतसंस्था अशा जमिनीसाठीही कर्ज देतात. तेथे शिकारीच्या शस्त्रांवरील अबकारी कराचा पैसा १९३७ पासून वन्यजीव संवर्धनाकडे वळवला जातो. त्या व्यवस्थेचे गुणदोष काहीही असोत, ती आपल्याकडे नाही.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्याच्या व्याख्येत 'शिकार' म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. फास लावणे, सापळा रचणे, हाकून पकडणे हेही त्यात येते. जमीन माझ्या नावावर झाली म्हणून तिच्यावरून जाणारे जनावर माझे होत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेरमांडणी झाली, रानडुक्कर दुसऱ्या परिशिष्टात गेले आणि सर्वसाधारण दंडाची मर्यादा पंचवीस हजारांवरून एक लाख रुपयांवर गेली. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत मुख्य वन्यजीव रक्षकाकडून परवानगीची तरतूद आहे, पण ती अपवाद म्हणून. पीकसंरक्षणाचा बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. आजोबांच्या निधनानंतर त्यांची बंदूक वडिलांनी पोलीस ठाण्यात जमा केली, तेव्हाच आमच्या घरातले ते प्रकरण संपले होते. मला मात्र ते कळायला तीस वर्षे लागली.

मग उरली ती केवळ रानातली जमीन. तिचा हिशेब आता सांगतो.

दीड लाखांचा धडा

पहिली जमीन बारा हजार चौरस मीटरची होती. गोव्यात जमिनीचा भाव चौरस मीटरवर बोलला जातो, म्हणून आकड्यांचा अंदाज चटकन येत नाही. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे ही जमीन तीन एकरांना किंचित कमी. भाव शंभर रुपये; एकूण बारा लाख. काजूची जुनी झाडे, एका कडेला झरा, वर सपाट कातळ. पाहताक्षणी भान हरपले. रोग्याची नाडी न पाहता औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणतो? मी तेच केले. मध्यस्थाच्या शब्दावर, एका साध्या पावतीवर, दीड लाख रुपये विसार दिला. ते पैसे मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले होते. पत्नीने इतकेच विचारले, "कागद कुणाला दाखवले का?"

नंतर वकिलांना कागद दाखवले. एक-चौदाच्या उताऱ्यावर ज्यांचे नाव होते ते गृहस्थ केव्हाच वारले होते. वारसांची वाटणी, ज्याला आपल्याकडे इन्व्हेंटरी म्हणतात, ती झालेली नव्हती. गोव्याच्या समान नागरी कायद्यानुसार विवाहित मालकाच्या जोडीदाराची संमती लागते. म्हणून वारस पाच असले तरी सह्या दहा. एक वारस परदेशी, एकाला विकायचेच नव्हते. उताऱ्याच्या कुळाच्या रकान्यात तिसरेच नाव. गोव्यात १९६४ चा कूळ कायदा आणि त्यात १९७६ साली झालेली पाचवी दुरुस्ती ज्याने वाचली आहे, त्याला त्या रकान्याचा अर्थ सांगायला नको. व्यवहार मोडला. दोन वर्षांनी निम्मा विसार परत मिळाला. पंचाहत्तर हजार रुपये गेले ते गेले. ती रक्कम मी आजही शुल्क समजतो, परंतु मुलीला ते सांगताना मान खाली घालावी लागली होती.

त्या अनुभवातून तयार झालेली यादी येथे देतो. एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हे नकाशा ताजा घ्यावा व नकाशा हातात घेऊन हद्द चालून पाहावी. बोजा नसल्याचा दाखला आणि पोर्तुगीज काळातील नोंदणीचे वर्णन तपासावे. सर्व वारस व त्यांचे जोडीदार यांची यादी वकिलाकडून लेखी घ्यावी. कूळ किंवा मुंडकार आहे काय, हे कागदावर आणि प्रत्यक्ष जागेवर, दोन्हीकडे पाहावे. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गोव्यात खासगी वनांची निश्चिती झाली. आपले रान त्यात येत असेल तर तेथे साधे बांधकामही करता येत नाही. तिळारी कालव्याच्या लाभक्षेत्रातील जमिनीला १९९७ च्या कायद्याची बंधने आहेत. झाड तोडायचे तर १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, जाण्यायेण्याची वाट कागदावर आहे काय? शेजाऱ्याच्या भलेपणावर चालणारी वाट शेजारी बदलला की बंद होते.

आणखी दोन गोष्टी. २०२३ च्या गोव्याच्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकत घेता येत नाही. तेव्हा ओहोळाकाठचा हिरवा तुकडा पाहून कुणी हुरळून जाऊ नये. सीमेपलीकडे महाराष्ट्रात तर १९४८ च्या कूळ कायद्यामुळे कोणतीही शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावे लागते. दोडामार्गात स्वस्त मिळते म्हणून धावणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

कर्ज काढावे काय?

बारा लाखांसाठी मी बँकेतही गेलो होतो. घराच्या कर्जाचे दर शेतजमिनीला लागू नसतात, आणि जमीनखरेदीच्या ज्या योजना आहेत त्या अल्पभूधारक व भूमिहीन शेतमजुरांसाठी आहेत, आपल्यासाठी नाहीत. ते योग्यच आहे. मला सुचवण्यात आले ते दवाखाना तारण ठेवून कर्ज, बारा टक्के व्याजाने, दहा वर्षांसाठी. हप्ता महिना सुमारे सतरा हजार दोनशे, म्हणजे वर्षाला दोन लाखांहून अधिक.

आता उत्पन्न पाहा. सात मीटर अंतरावर लावल्यास हेक्टरी सुमारे दोनशे काजू बसतात, पण कातळ आणि उतार वगळता त्या जमिनीवर दीडशेच झाडे धरली. झाडामागे पाच किलो धरले तर साडेसातशे किलो बी. त्या वेळच्या पासष्ट रुपये भावाने एकोणपन्नास हजारांच्या आत. त्यातून मजुरी, नाहीतर निम्मा वाटा जाणार. वर्षाला पंचवीस हजार मिळवण्यासाठी दोन लाखांचा हप्ता, आणि तारण कोणते? तर ज्याच्यावर घर चालते तो दवाखाना! वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची कलमे लावली तर उत्पन्न वाढते हे खरे, पण कलम तिसऱ्या वर्षी जेमतेम धरू लागते आणि हप्ता पहिल्याच महिन्यात येतो.

त्या कागदाच्या तुकड्याने माझे पुष्कळसे वेड उतरवले. तिघा मित्रांनी मिळून घ्यावी असाही विचार निघाला. पण तीन मालक म्हणजे सहा सह्या, आणि पुढच्या पिढीत किती? अविभक्त वाट्यापायी मोडलेली मैत्री मी पाहिली आहे. तेव्हा ठरवले ते असे : कर्ज नाही, भागी नाही. दरमहा आवर्ती ठेव, आणि जेवढे साठेल तेवढीच जमीन.

चार वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच गावात पाच हजार चौरस मीटरचा तुकडा मिळाला. सव्वा एकराहूनही थोडा कमी. भाव तोवर एकशे साठ झाला होता, आठ लाख. मुद्रांक, नोंदणी, वकील आणि मोजणी यांत लाखभर गेले. पैसे सारे धनादेशाने. पुढे मोपाचा विमानतळ आला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी धारगळच्या आयुर्वेद संस्थेचेही. तालुक्यातील भावांविषयी आता न बोललेले बरे. थांबल्यामुळे तोटा झाला असे मित्र म्हणतात. मी म्हणतो, थांबल्यामुळे झोप राहिली.

"आमी खंय वचप?"

खरा प्रश्न मात्र खरेदीच्या आदल्या महिन्यात उभा राहिला. त्या बागेची पावणी वर्षानुवर्षे गावातलेच एक कुटुंब घेत असे. उताऱ्यावर त्यांचे नाव नव्हते. वकिलांचा सल्ला स्पष्ट होता : जमीन रिकामी करून घ्या, नाहीतर उद्या हक्क सांगतील. कायद्याच्या दृष्टीने तो सल्ला चुकीचा नव्हता. मी जागा पाहायला गेलो तेव्हा घरातला कर्ता पुरुष बोंडांच्या ढिगाशेजारी उभा होता. त्याने भांडण केले नाही. तो एवढेच म्हणाला, "दोतोर, बाग तुमी घेतली, आतां आमी खंय वचप?" आम्ही आता कुठे जायचे?

त्याच्या धाकट्या मुलाला मी ओळखत होतो. त्याचे डोस माझ्याच दवाखान्यात झाले होते. मी वकिलांकडे परतलो आणि वेगळा मार्ग विचारला. दरवर्षी नव्याने लेखी करार, निम्मा वाटा, बोंडांचा रस त्यांचा, आणि माझ्या गैरहजेरीत बागेवर देखरेख त्यांची. वकिलांनी मान हलवली, पण करार करून दिला. मी धोका पत्करला हे मला ठाऊक आहे, आणि प्रत्येकाने तो पत्करावा असे मी म्हणणार नाही. परंतु रविवारच्या विरंगुळ्यासाठी एका घराची चूल विझवून घेतलेल्या जमिनीवर मला बसवले नसते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये तोच मुलगा बागेत काजू वेचताना पाल्याखालच्या फुरशाने डसला. तो अनवाणी होता. घरच्यांनी वेळ न दवडता त्याला रुग्णालयात नेले, प्रतिविष मिळाले, मुलगा वाचला. मी त्याच्या खाटेशेजारी उभा होतो तेव्हा मनात आले की, दोन वर्षांत मी कुंपणाचे दर तीनदा विचारले, पण या पोराच्या पायांकडे एकदाही पाहिले नाही. मी बालरोगतज्ज्ञ, आणि माझ्याच बागेत मूल अनवाणी!

त्या वर्षी कुंपणाचे पैसे बाजूला राहिले. आधी सर्वांसाठी गमबूट, पाला ओढायला दाताळी, हातमोजे. मुलांनी काजू वेचायला येऊ नये ही अट करारात आली. त्याच सुमारास माकडतापाची धास्ती होती : २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात रुग्ण आढळले होते. या तापाचा मोसम आणि काजूचा मोसम एकच, आणि गोचीड काही मालक-मजूर पाहून चावत नाही. पूर्वीची लस परिणामकारकता कमी पडल्याने २०२२ मध्ये थांबवण्यात आली. म्हणून अंगभर कपडे, गोचीडरोधक मलम, रानातून आल्यावर आंघोळ आणि मेलेले माकड दिसले की तातडीने आरोग्य केंद्राला खबर, हेच आपले हत्यार. ज्यांच्याकडे पेडणे, डिचोली, सत्तरीतून तापाचे रुग्ण येतात त्यांनी जानेवारी ते मे या काळात "काजूच्या बागेत गेला होता का?" हा प्रश्न अवश्य विचारावा.

जमाखर्च

आज त्या बागेला दहा वर्षांहून अधिक काळ झाला. काजूच्या माझ्या वाट्यातून जमिनीची किंमत फिटली नाही आणि फिटणारही नाही. रानडुकरे दरवर्षी सुरण उकरतात, माकडे कोवळी बोंडे टाकतात, आणि एका पहाटे गवा कुंपणाचे दोन खांब घेऊन गेला. पाच हजार चौरस मीटर चौकोनी असते तर कुंपण पावणेतीनशे-तीनशे मीटरांत भागले असते. डोंगराची जमीन कधी चौकोनी नसते.

तरुण सहकाऱ्यांना माझे सांगणे थोडक्यात असे. जमीन जरूर घ्या, पण दवाखाना आणि मुलांचे शिक्षण यांना हात न लावता. किमतीच्या चौथा हिस्सा तरी खरेदीनंतरच्या खर्चासाठी राखून ठेवा. कागद आधी, विसार नंतर. आणि जमीन पाहायला जाल तेव्हा झाडे मोजण्यापूर्वी तेथे राबणारी माणसे कोण आहेत ते विचारा.

मी अजूनही अधूनमधून पहाटे ओहोळाच्या वर कातळावर जाऊन बसतो. मागच्या पावसाळ्यानंतर एक भेकर पाण्यावर आले. मान वर करून क्षणभर पाहिले आणि सावकाश निघून गेले. आजोबांना ही हकिगत सांगता आली असती, तर ते म्हणाले असते, "मग? हात रिकामाच?" फुरशाने डसलेला तो मुलगा त्या वेळी शेजारीच उभा होता. आता तो कॉलेजात आहे. पायांत त्याच्या बूट होते.