डायव्ह कॉम्प्युटरची सेटिंग आणि बुलढाण्याचा घाट

स्कूबा डायव्हिंग करणारा पाणबुड्या मनगटावर घड्याळासारखे जे यंत्र बांधून पाण्यात उतरतो, त्या डायव्ह कॉम्प्युटरला मुख्यतः दोनच गोष्टी मोजता येतात, भोवतालचा दाब आणि गेलेला वेळ. खोली किती, पाण्याखाली आणखी किती मिनिटे राहता येईल, वर येताना कोठे थांबावे, विमानात केव्हा बसावे, हे बाकीचे आकडे या दोहोंवरून मांडलेले गणित असते आणि त्या गणितासाठी लागणारी गृहीतके, म्हणजे पाणी कोणते, जागा किती उंचावरची, टाकीत कोणता वायू आणि सावधगिरी किती, ही बऱ्याच अंशी वापरणाऱ्यानेच भरायची असतात. नवे यंत्र बहुधा समुद्रकिनारा आणि साधी हवा गृहीत धरून आलेले असते. समुद्रापासून तीनशेहून अधिक किलोमीटर आत असलेला बुलढाणा जिल्हा हा विषय समजून घेण्यास सोयीचा आहे, तो यासाठी की तेथे ही गृहीतके एकामागून एक तपासावी लागतात.

माणूस जी हवा घेतो तिच्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. पाण्याखाली दाब वाढला की हा वायू रक्तात आणि ऊतकांत, म्हणजे स्नायू, मेद, मज्जा अशा पेशीसमूहांत, नेहमीपेक्षा अधिक विरघळतो, आणि दाब झपाट्याने उतरला तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंतचे विकार उद्भवतात. त्यांना एकत्रितपणे डिकॉम्प्रेशनचा आजार म्हणतात. जॉन स्कॉट हाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश नौदलासाठी शेळ्या-बोकडांवर प्रयोग करून १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली, तेव्हा शरीर हे वेगवेगळ्या गतीने नायट्रोजन घेणाऱ्या व सोडणाऱ्या पाच कप्प्यांचे आहे असे त्यांनी मानले होते. हे कप्पे म्हणजे कोणतेही प्रत्यक्ष अवयव नव्हेत, ती गणिताची सोय आहे, ही गोष्ट यंत्राच्या पडद्यावरील नेमक्या आकड्यांकडे पाहताना सहज विसरली जाते. पुढे झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी कप्प्यांची संख्या सोळापर्यंत नेली आणि, स्वित्झर्लंडमधील सरोवरे डोंगरांत असल्यामुळे, उंचावरील कमी हवादाबाचा विचार त्या गणिताच्या गाभ्यातच आणला. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या ऑर्का एज या यंत्रापासून डायव्ह कॉम्प्युटरचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले, आणि आजच्या अनेक यंत्रांत ब्यूलमान यांचेच गणित कमीअधिक फेरफारांसह चालते.

उंचीचा हा प्रश्न बुलढाण्यात नकाशावर रेघ ओढून दाखवता येतो. जिल्ह्याचे लोक बोलताना घाटाखालचे आणि घाटावरचे असे दोन भाग करतात. पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव हा भाग समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे ते तीनशे मीटरांवर आहे, तर राजूर घाट चढून गेल्यावर लागणारे बुलढाणा शहर सुमारे साडेसहाशे मीटरांवर वसले आहे. डायव्हिंगच्या प्रशिक्षणात ३०० मीटरांवरील पाण्यात उतरणे ‘उंचावरचे डायव्हिंग’ मानले जाते, आणि फिनलंडच्या सुन्टो कंपनीच्या अनेक यंत्रांत उंचीची पहिली पायरी शून्य ते ३०० मीटर, दुसरी ३०० ते १५०० मीटर आणि तिसरी १५०० ते ३००० मीटर अशी हाताने निवडावी लागते. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एका घाटाच्या चढउतारात, यंत्राची पायरी बदलते.

हा फरक किरकोळ वाटण्याचा संभव आहे, म्हणून तो आकड्यांत पाहिलेला बरा. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १०१३ मिलिबार असतो, बुलढाण्याच्या उंचीवर तो ९४० मिलिबारच्या आसपास येतो. गोड्या पाण्यात २० मीटर खोलीवरून वर येताना समुद्रसपाटीवरील माणसाचा दाब पृष्ठभागाच्या तुलनेत सुमारे २.९ पटींवरून एक पटीवर उतरतो, तर बुलढाण्याच्या उंचीवर तोच उतार ३.१ पटींवरून सुरू होतो. बुडबुडे होण्याचा धोका या पटीवर बराच अवलंबून असल्यामुळे घाटावरच्या जलाशयात तितक्याच खोलीसाठी थोडा कमी वेळ मिळायला हवा. अनेक नवी यंत्रे हवेचा दाब आपोआप ओळखतात, परंतु त्यासाठी ती पाण्यात शिरण्यापूर्वी काठावरच सुरू झालेली असावी लागतात. शिवाय सखल भागातून आलेल्या माणसाच्या शरीरात तेथला जास्तीचा नायट्रोजन काही काळ शिल्लक असतो, म्हणून नव्या उंचीवर किमान तीन तास थांबून मगच पाण्यात उतरावे, अशी सूचना सुन्टोसारखे उत्पादक देतात.

पाण्याच्या प्रकाराची सेटिंग तुलनेने निरुपद्रवी आहे. यंत्र दाब मोजते आणि पाण्याची घनता गृहीत धरून त्याचे मीटरांत रूपांतर करते; खाऱ्या पाण्यावर ठेवलेले यंत्र गोड्या पाण्यात २० मीटरांवर नेले तर ते सुमारे साडेएकोणीस दाखवते. दाबावर चालणारे नायट्रोजनचे गणित मात्र त्यामुळे बिघडत नाही. ईएन १३३१९ या युरोपीय मानकाने या दोन्हींच्या मधली एक घनता ठरवून दिली आहे, तिच्यात १० मीटर म्हणजे एक बार असा सोपा हिशेब बसतो. याच जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी मात्र यातील कोणत्याही पर्यायात चपखल बसणारे नाही: बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेल्या या विवरातील पाणी तीव्र अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास असलेले आणि खारे आहे, आणि पावसावर व बाष्पीभवनावर त्याची क्षारता बदलत राहते. अभयारण्य आणि २०२० पासून रामसर स्थळ असलेल्या या उथळ सरोवरात डायव्हिंगचा प्रश्नच येत नाही, पण ‘खारे’ आणि ‘गोडे’ ही विभागणी किती ढोबळ आहे हे समजण्यापुरते ते उदाहरण पुरेसे आहे.

वायूची सेटिंग मात्र जिवाशी संबंधित आहे. नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेली हवा, वापरताना टाकीतील मिश्रण स्वतः तपासून तोच आकडा यंत्रात भरावा लागतो, कारण दाबाखालचा जास्तीचा ऑक्सिजन पाण्याखाली झटके आणू शकतो. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाची नेहमीची मर्यादा सुमारे ३३ मीटर आहे. सावधगिरीची पातळी हा याच रांगेतला आणखी एक पर्याय, आणि वय, थकवा, थंडी यांचा विचार करून ती वाढवण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

बुलढाण्याचा पाणबुड्या प्रत्यक्षात बहुधा तारकर्ली-मालवणलाच जाणार, आणि तेथे सेटिंग समुद्रसपाटीची असली तरी परतीचा रस्ता सह्याद्री चढतो. त्या चढावरचे आंबोली सुमारे ६९० मीटरांवर आहे, आणि डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या विमानप्रवासाविषयीच्या सूचना साधारण ६१० मीटरांपुढील उंचीला लागू होतात: एकाच साध्या बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास. पर्यटकांच्या काही मिनिटांच्या उथळ बुडीत धोका थोडा असला, तरी दोनतीन दिवस खोल उतरलेल्याने शेवटची बुडी संपताच संध्याकाळी घाट चढणे शहाणपणाचे नाही. अजून विमानात बसू नका असे सांगणारे यंत्रावरील विमानाचे चिन्ह रस्त्याचा विचार करत नाही, तो प्रवाशानेच करायचा असतो.

सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याचे कामही ते चिन्ह गेल्यावरच हाती घ्यावे, कारण काही यंत्रांत अपडेट करताना किंवा बॅटरी बदलताना शरीरातील शिल्लक नायट्रोजनची नोंद पुसली जाते आणि यंत्र माणसाला अगदी ताजा समजू लागते. अपडेटची गरज कशी पडते याचे जुने उदाहरण युवाटेकच्या ॲलॅडिन एअर एक्स नायट्रॉक्स या यंत्राचे आहे. पाणबुड्या काठावर असतानाही नायट्रॉक्सच घेत आहे असे काही यंत्रांतील गणित धरत असल्यामुळे नायट्रोजन खरोखर जातो त्यापेक्षा लवकर गेला असे दिसे, आणि २००३ मध्ये ती यंत्रे परत मागवावी लागली. आता अशी दुरुस्ती ब्लूटूथने किंवा यूएसबी केबलने घरबसल्या होते, मात्र त्याआधी बुड्यांच्या नोंदी फोनवर उतरवून घ्याव्यात, बॅटरी पुरेशी भरलेली असावी आणि मधेच जोडणी तुटू देऊ नये. अपडेटनंतर एकके, तारीख-वेळ, वायू, उंची, सावधगिरी ही सारी सेटिंग पुन्हा पाहावी लागतात, कारण त्यांतली काही मूळपदावर गेलेली असू शकतात. पहिली चाचणी प्रशिक्षणाच्या तलावात घेतल्यास पाणी गोड्यावर ठेवावे, आणि समुद्रात उतरण्याआधी ते खाऱ्यावर आणावे.