पाटीवरची सरस्वती आणि पहिले अक्षर

आज विजयादशमी. साडेतीन मुहूर्तांतील हा एक पूर्ण मुहूर्त. शुभकार्यास आज पंचांग उघडावे लागत नाही. शस्त्रे, यंत्रे, वह्या-पुस्तके यांच्या शेजारी घरोघरी पाटी मांडली जाईल, तिच्यावर एकाच्या आकड्यांची नक्षी जुळवून सरस्वती रेखाटली जाईल आणि तिला हळदकुंकू, झेंडू व आपट्याची पाने वाहिली जातील. ज्या घरात चार-पाच वर्षांचे मूल आहे तेथे आणखी एक विधी होतो. आजोबा मुलास मांडीवर घेतात, ताटात तांदूळ पसरतात आणि त्याचे बोट धरून ‘श्री’ गिरवून घेतात. दूर केरळातही विजयादशमीसच विद्यारंभ होतो आणि तेथेही मुलाचे बोट तांदळातूनच फिरते.

विधी झाला, पेढे वाटले, छायाचित्रे निघाली. उद्या सकाळपासून त्या मुलाच्या अक्षरओळखीचे काय, हा प्रश्न मात्र आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. सात-आठ वर्षांचे मूल रामरक्षा घडाघडा म्हणते, पण तेच पुस्तक हाती दिले तर त्यातील एक शब्द त्यास वाचता येत नाही, अशी घरे आमच्या पाहण्यात थोडीथोडकी नाहीत. शाळेत मराठीचा तास नावापुरता, घरी कोणास सवड नाही. देव्हाऱ्यातील पोथी त्या मुलापुरती मिटलेलीच राहते.

‘श्री’ हे अक्षर मंगल खरे. परंतु लेखनाच्या दृष्टीने ते जोडाक्षर आहे. श, त्यास जोडलेला र आणि वर दीर्घ वेलांटी. कोवळ्या बोटांना ते एकट्याने कसे साधावे? ते पूजेचे पहिले अक्षर असावे, शिकण्याचे नव्हे. ‘क ख ग घ’ या क्रमाविषयीही आमचे असेच मत आहे. आपल्या वर्णमालेची मांडणी मोठी शास्त्रशुद्ध. कंठापासून निघून तालू, मूर्धा, दात असे करीत ती ओठांपर्यंत येते. पण तान्ह्या मुलाचा प्रवास बहुधा याच्या उलट होतो. ‘मा’, ‘बा’, ‘पा’ हे ओठांतले वर्ण त्यास आधी साधतात आणि कंठातील ग मागाहून येतो. म्हणून तर कित्येक बाळे ‘दणपती बाप्पा’ म्हणतात आणि आपण कौतुकाने हसतो!

जुन्याजाणत्या शिक्षकांनी ‘गमभन’ हा क्रम रूढ केला, त्यामागे वळणाचा विचार आहे. या चारही अक्षरांना उजवीकडे सरळ दंड आहे आणि त्यांची वळणे एकमेकांच्या जवळची आहेत. त्यांतही आरंभ ‘म’ने करावा, असे आम्ही सुचवू. म उच्चारताना ओठ मिटतात, हे मुलास आईच्या मुखाकडे पाहूनच कळते.

अक्षर आधी कानाने शिकवावे. मगर, मटकी, मध, मका यांत आरंभी कोणता आवाज येतो, हे पोळ्या लाटता लाटताही विचारता येते. मूल स्वतःहून ‘मसाला!’ असे ओरडले की समजावे, कान तयार झाला. तेव्हाच अक्षराचे रूप दाखवावे, आणि तेही तीन टप्प्यांनी. प्रथम ‘हा म’ एवढेच सांगावे. मग तीन-चार अक्षरे मांडून ‘म कुठे आहे?’ असे विचारावे. शेवटी बोट ठेवून ‘हे काय?’ असे विचारावे. फ्रेंच वैद्य सेगँ यांची ही रीत मारिया माँटेसोरी यांनी बालशिक्षणात आणली. मूल चुकले तर ‘नाही’ न म्हणता पुन्हा पहिल्या टप्प्यावर यावे.

लिहिणे सर्वांत शेवटी. १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडणाऱ्या माँटेसोरीबाईंनी खरखरीत कागदाची अक्षरे करून मुलांना त्यांवरून बोट फिरवावयास लावले. आपल्याकडील धूळपाटीचे मर्म तरी दुसरे काय होते? ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तेथे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांचा हट्ट सोडून गावातल्या, रानातल्या वस्तूंनी मुलांना शिकविले. तेव्हा आजचे ते तांदळाचे ताट विधीनंतर लगेच उचलू नये. दुसरे ताट घेऊन त्यात रवा किंवा बारीक वाळू पसरावी. डावीकडची उभी रेघ, खाली लहानशी गाठ, तेथून आडवी रेघ, मग उजवा दंड आणि सर्वांत शेवटी डोक्यावरची रेघ. बोटाला हे वळण बसले की पाटी द्यावी. एका बैठकीस दहा मिनिटे पुष्कळ झाली.

मूल डावखुरे असेल तर? पूजेत उजव्या हाताने ‘श्री’ गिरवून घेण्याचा कुलाचार कोणी अवश्य पाळावा. परंतु दुसऱ्या दिवसापासून पाटीवर त्याचा स्वतःचा हातच चालू द्यावा. हातावर चापटी मारून वळण सुधारत नाही; पाटीचे भय तेवढे बसते. सरस्वतीस ते खचित रुचणार नाही.

पुढे घोटाळे होतातच. म आणि भ, घ आणि ध यांत मुले फसतात. भ आणि ध यांच्या डोक्यावरची रेघ मध्येच तुटलेली असते, ही खूण एकदा सांगितली की मुले ती फलकांवर मोठ्या चवीने शोधतात. मराठीतील पाकळीचा ल आणि हिंदीतील दंडाचा ल यांचा गोंधळ मात्र दूरध्वनीच्या पडद्यावर आता रोजचाच झाला आहे. तेथे दोन्ही रूपे दाखवून मोकळे व्हावे.

म झाला की न घ्यावा. दोन अक्षरांत ‘मन’ होते, आणि आणखी एक न पुढे लावला की ‘नमन’. काना नाही, मात्रा नाही. आजपासून बलिप्रतिपदेपर्यंत वीस-एकवीस दिवस आहेत. वहीपूजनाच्या वेळी देवापुढे ‘नमन’ हा शब्द मुलाने कोणी बोट न धरता पाटीवर लिहावा, एवढा बेत या दिवसांत होण्याजोगा आहे. नाहीच साधला, तर पुढे वसंत पंचमी आहेच.