जुने शेपिंग मशीन घेताना

पॉवरलूमचे सुटे भाग दुरुस्त करणाऱ्या कारागिराने नव्या मिलिंग मशीनसाठी व्याजी कर्ज काढण्यापेक्षा घरच्या शेडमध्ये जुने, लहान शेपर बसवावे. की-वे किंवा सपाटीच्या कामाला धार लावलेले एक टूल पुरते, महागडे कटर लागत नाहीत. परतीच्या फेरीत कापणी होत नसल्याने काम मात्र सावकाश होते.

ऐब सांगून माल विकणे हे मुसलमान व्यापाऱ्याचे कर्तव्यच आहे. परंतु भंगारवाल्याला आतला ऐब पुष्कळदा ठाऊकच नसतो. नव्या रंगाला भुलू नये, आधी रॅम पाहावा. बहुतेक काम छोट्या स्ट्रोकवर होत असल्याने त्याची वाट मधोमध झिजते. मधल्या जागी गिब-पट्टी बेताची कसून रॅम हाताने दोन्ही टोकांपर्यंत न्यावा. तिथे अडकला तर झीज नक्की. ती पट्टी आवळून जात नाही, स्क्रेपिंग करावे लागते. तेवढा खर्च भावातून कापून घ्यावा. बुलगियरचा दात तुटलेला असेल तर सौदा सोडलेला बरा. क्लॅपर बॉक्सची झिजलेली पिन ही मामुली गोष्ट.

मग मशीन चालवून, आपलीच बिडाची पट्टी कापून पाहावी. फेरी बदलताना ठोका ऐकू आल्यास आतला सरकता ब्लॉक झिजलेला असू शकतो. शेडची लांबीही मोजावी, रॅम मागच्या बाजूलाही बाहेर येतो.